जुन्या गार्डन ट्रॅक्टरच्या गिअरबॉक्समधील गंज काढताना

बरीच वर्षे उघड्यावर उभा राहिलेला गार्डन ट्रॅक्टर दुरुस्त करायला घेतला की सगळ्यांचे लक्ष आधी इंजिनाकडे जाते, आणि बाहेरून धडधाकट दिसणारा गिअरबॉक्स तसाच राहून जातो. मी कामाची सुरुवात मुद्दाम गिअरबॉक्सच्या ड्रेन प्लगपासून, म्हणजे तळाच्या तेल काढण्याच्या बुचापासून, केली. तेल पाण्यापेक्षा हलके असल्यामुळे आत शिरलेले पाणी तळाशी साचते. म्हणून प्लग एकदम काढून न टाकता काही आटे सैल करून आतला द्रव हळूहळू गळू दिला, तर आत काय आणि किती साचले आहे याचा चांगला अंदाज येतो. या गिअरबॉक्समधून आधी तांबूस पाणी आले, त्यामागून दुधाळ रंगाचा घट्ट द्रव आला आणि शेवटी काळे तेल आले. नुसते पाणी निघाले असते, तर ते ट्रॅक्टर उभा असताना शिरले असे मानता आले असते. पण तेल दुधाळ होण्यासाठी पाणी आणि तेल गिअरनी एकत्र घुसळले जावे लागते. म्हणजे ट्रॅक्टर चालू होता तेव्हापासूनच पाणी आत जात होते. गंज काढण्याइतकेच त्या पाण्याची वाट शोधणेही आवश्यक आहे, हे तिथेच स्पष्ट झाले.

प्लगच्या टोकाला चुंबक होता आणि त्यावर लोखंडाचा बारीक कीस चिकटलेला होता. तांबडा गाळ मात्र भांड्याच्या तळाशी तसाच पडून होता. तांबड्या गंजाला चुंबक जवळजवळ पकडतच नाही. त्यामुळे चुंबकाच्या प्लगवर विसंबून गंजाचे कण आपोआप गोळा होतील अशी अपेक्षा करणे चुकीचे आहे. हे कण निरुपद्रवीही नसतात. तांबडा लोह ऑक्साइड ही धातू आणि काच घासून चकाकी आणण्याची जुनी पूड आहे, आणि तीच पूड तेलात मिसळून फिरू लागली की बेअरिंगच्या गोळ्या, त्यांच्या चाकोऱ्या आणि ब्राँझचे बुश (शाफ्ट ज्यात फिरतो त्या नळ्या) झिजवते. गिअरबॉक्समध्ये डिझेल ओतून, चाके फिरवून ते काढून टाकावे आणि नवे तेल भरावे हा उपाय अनेकजण सुचवतात. गिअर लिव्हर बसतो त्या तोंडातून पाहिल्यावर गिअरवर केवळ पातळ तपकिरी थर दिसत असेल, तर तो उपाय मलाही मान्य आहे. मात्र जेथे गंजाचे पापुद्रे सुटलेले दिसतात, तेथे डिझेल ते पापुद्रे सैल करून थेट बेअरिंगमध्ये नेऊन सोडते. माझ्या गिअरबॉक्समध्ये टॉर्चच्या उजेडात पापुद्रेच दिसत होते, त्यामुळे तो पूर्ण उघडणे भाग होते.

गिअरबॉक्स चौकटीपासून सोडवण्याआधी बाहेरचा सगळा भाग खरवडून, रॉकेलने धुऊन कोरडा केला. बाहेरची माती आत जाऊ देऊन आतला गंज काढण्यात काही अर्थ नाही. उघडल्यानंतर गंजाची रचना पाहण्यासारखी होती. तेलात बुडालेला भाग बऱ्यापैकी स्वच्छ होता. तळाला, जेथे पाण्याचा थर साचला होता, तेथे डिफरन्शियलच्या (दोन्ही चाकांना वेगवेगळ्या वेगाने फिरू देणाऱ्या गिअरसंचाच्या) कडेला खोल खळगे पडले होते. सर्वाधिक लाली होती ती वरच्या अर्ध्या भागात, जेथे ट्रॅक्टर उभा असताना तेल पोहोचत नव्हते. याचे कारण सरळ आहे. बंद ट्रॅक्टरमध्ये वरच्या गिअरवरचा तेलाचा थर काळाच्या ओघात निथळून जातो, दिवसा तापलेली आणि रात्री थंड झालेली दमट हवा आत दव सोडते आणि ते दव उघड्या पोलादावर बसते. सर्वांत वर असलेला, इंजिनाची ताकद आत आणणारा इनपुट शाफ्ट आणि त्यावरचे सरकते गिअर म्हणूनच सर्वांत जास्त गंजतात.

उघडताना दोन गोष्टींकडे मी विशेष लक्ष दिले. पहिली म्हणजे गिअर बदलताना सरकणारा शिफ्टर रॉड. तो बाहेर ओढताना त्याला खाचेत धरून ठेवणारी गोळी आणि तिच्यामागची स्प्रिंग बंदुकीच्या गोळीसारखी उडते, म्हणून त्या छिद्रावर जाड फडके दाबून ठेवूनच रॉड सरकवावा. दुसरी म्हणजे शिम (फट भरणाऱ्या पातळ चकत्या), थ्रस्ट वॉशर (शाफ्टचा बाजूचा दाब घेणाऱ्या चकत्या) आणि दोन भागांमधले कागदी गॅस्केट. काही गिअरबॉक्समध्ये याच गॅस्केटची जाडी शाफ्टचा लांबीच्या दिशेने होणारा खेळ (ढिलाई) ठरवते. त्यामुळे जुने गॅस्केट फाटले तरी त्याचा एखादा सपाट तुकडा मायक्रोमीटरने मोजून जाडी लिहून ठेवली. प्रत्येक वॉशर कोणत्या बाजूने, कोणत्या क्रमाने निघाला याचे छायाचित्र काढले आणि तो त्याच क्रमाने तारेत ओवून ठेवला.

सरकता गिअर शाफ्टच्या स्प्लाइनवर (गिअर ज्यांवरून सरकतो त्या लांबट खाचांवर) गंजाने पक्का बसला होता आणि या एका जोडीने कामातला सर्वाधिक संयम मागितला. लोखंडाचा गंज मूळ धातूपेक्षा कितीतरी जास्त जागा व्यापतो, म्हणून स्प्लाइनमधली बारीक फट भरून तो पाचर मारल्यासारखा घट्ट होतो. अशा वेळी गिअर पुलरने (पाय अडकवून ओढण्याच्या हत्याराने) एका दिशेने ओढला, तर गंजाची पूड पुढे दाबली जाऊन तो आणखी आवळतो, आणि पुलरचे पाय दात्यांवर लागले तर दाते तुटण्याची भीती असते. मी गिअर उभा ठेवून स्प्लाइनच्या दोन्ही तोंडांना भेदक तेल (बारीक फटीत झिरपणारे पातळ तेल) सोडत राहिलो, तेल झिरपायला पुरेसा वेळ दिला आणि मग गिअर पुढे नव्हे, तर आधी आत, मग बाहेर, केसभर हलवत राहिलो. प्रत्येक हालचालीबरोबर तांबडे तेल बाहेर येत होते. ते पुसून नवे तेल सोडायचे आणि पुन्हा हलवायचे. बेअरिंगच्या बाबतीत हाउसिंग हलके गरम करून काम केले. त्यासाठी भेदक तेल आधी पूर्ण पुसून घ्यावे लागते, कारण ते पेटते, आणि बिडाचे हाउसिंग एकाच ठिकाणी न तापवता चहूबाजूंनी सारखे तापवावे लागते, नाहीतर त्याला तडा जातो.

सर्व भाग सुटे झाल्यावर ते रॉकेलने धुऊन टेबलावर मांडले आणि कोणत्या भागावरचा गंज किती महत्त्वाचा आहे याचा विचार केला. माझ्या मते या संपूर्ण कामाचा निर्णायक टप्पा हाच आहे. हाउसिंगच्या भिंतीवरच्या गंजाने भिंतीचे काहीच बिघडत नाही. तो सुटून तेलात पडू नये एवढेच पाहायचे असते. गिअरच्या दात्याच्या बाजूवर, म्हणजे जेथे दाता दात्यावर घसरतो तेथे, पातळ डाग चालतो पण नखाला लागणारा खळगा काळजीचा असतो. ऑइल सीलचे (तेल बाहेर येऊ न देणाऱ्या रबरी कडीचे) ओठ शाफ्टवर ज्या पट्ट्यात घासतात तेथे बारीकसा खडबडीतपणाही चालत नाही, कारण तो नव्या सीलचे रबर खातो. बेअरिंगच्या चाकोरीत तर टाचणीच्या टोकाएवढा खळगाही अमान्य आहे. एकच द्रावण आणि एकच ब्रश घेऊन सगळ्यांना सारखीच वागणूक देणे म्हणूनच मला मान्य नाही.

हाउसिंगसाठी मी विजेची पद्धत, म्हणजे धुण्याच्या सोड्याच्या पाण्यातून वीज सोडून गंज सैल करणे, निवडली. त्याआधी चुंबक लावून ते बिडाचेच असल्याची खात्री केली. अनेक लहान ट्रॅक्टरांची हाउसिंगे अॅल्युमिनियमची असतात आणि धुण्याच्या सोड्याचे अल्कधर्मी पाणी अॅल्युमिनियमला खाते. बिडावर सौम्य आम्ल का वापरले नाही, तेही सांगतो. आम्ल गंजाबरोबर धातूही विरघळवते, आणि बिडातले लोखंड विरघळले की त्यातला ग्राफाइट काळ्या मऊ थराच्या रूपाने मागे उरतो. त्याहून महत्त्वाचे म्हणजे बेअरिंग ज्या भोकात दाबून बसते त्या भोकाचे माप मिलिमीटरच्या शंभराव्या भागांत सांभाळलेले असते. ते आम्लाने रुंदावले, तर बेअरिंगची बाहेरची कडी भोकात फिरू लागते आणि हाउसिंगच निकामी होते. विजेच्या पद्धतीत हाउसिंग ऋण टोकाला जोडलेले असते, त्यामुळे त्याचे निरोगी लोखंड खाल्ले जात नाही.

हाउसिंगचा मोठा अर्धा भाग उताणा ठेवून, त्याची भोके रबरी बुचांनी बंद करून तोच टाकी म्हणून वापरला. दर लिटर पाण्याला सुमारे १० ग्रॅम धुण्याचा सोडा विरघळवला, आडव्या लाकडी पट्टीला साध्या लोखंडाची जाड सळई टांगून ती आत सोडली, आणि ती कोठेही हाउसिंगला टेकत नाही हे तपासले. १२ व्होल्टच्या बॅटरी चार्जरचे ऋण टोक हाउसिंगला आणि धन टोक सळईला जोडले. ही जोडणी उलटी झाली तर हाउसिंगच झिजू लागते, म्हणून चालू करण्यापूर्वी ती पुन्हा पाहावी. बॅटरीचा व्होल्टेज जाणवल्याशिवाय ज्यातून प्रवाह सुरूच होत नाही, असा स्वयंचलित चार्जर येथे उपयोगी पडत नाही. साधा जुन्या पद्धतीचा चार्जर लागतो. स्टेनलेस स्टीलची सळई कधीही वापरू नये, कारण तिच्यातले क्रोमियम विषारी रूपात पाण्यात उतरते. सोड्याऐवजी मीठही नको, कारण त्यातून क्लोरीन वायू निघू शकतो. हाउसिंगवर येणारे बुडबुडे हायड्रोजनचे आणि सळईवरचे ऑक्सिजनचे असतात. हे मिश्रण ठिणगीने भडकते. काम उघड्या हवेत केले आणि चिमटे हलवण्याआधी दर वेळी चार्जरचा मुख्य पुरवठा बंद केला.

ही पद्धत सळईच्या समोर असलेल्या पृष्ठभागावर उत्तम काम करते आणि आडोशाच्या कोपऱ्यांत फारच कमी. बेअरिंगच्या बैठकींमागचे खोलगट कप्पे आणि शिफ्टर रॉडच्या बोळांची तोंडे यांसाठी सळईची जागा पुन्हा पुन्हा बदलावी लागली, आणि सळईवर साचलेला घट्ट गाळ अधूनमधून खरवडावा लागला. ज्या बोळांत सळई पोहोचूच शकत नव्हती, ते लांब गोल ब्रश आणि रॉकेल यांनीच स्वच्छ केले. गंजाचे पुन्हा लोखंड होत नाही, हे ध्यानात ठेवावे. तांबडा थर काळा आणि ठिसूळ होतो, मग तो पितळी तारेच्या ब्रशने सहज निघतो. खळगे असतात तसेच राहतात.

यानंतरची मिनिटे फार महत्त्वाची असतात. ओले, नुकतेच उघडे पडलेले लोखंड पाहता पाहता पुन्हा पिवळे पडते. म्हणून गरम पाणी, हवा मारण्याचे नळकांडे, कोरडी फडकी आणि पातळ तेल हे सगळे हाताशी मांडल्यानंतरच मी हाउसिंग रिकामे केले. शेवटचे पाणी जितके गरम, तितके बरे, कारण बीड तापले की स्वतःच्या उष्णतेनेच वाळते. मग प्रत्येक आट्याच्या भोकात हवा मारून लगेच सगळीकडे तेल लावले. आतून रंग लावण्याचा सल्ला मला मिळाला होता. खास तेलाला टिकणारे रंग असतात हे खरे, पण गंजलेल्या खळग्यांवर लावलेला कोणताही थर पुढे सुटलाच तर तो बेअरिंगकडेच जाणार. गंजाचे रूपांतर करणारी रसायनेही मी याच कारणाने आत वापरली नाहीत. वाळूचा मारा तर मुळीच नको. बोळांमध्ये अडकलेला एक कणसुद्धा पुढे बेअरिंग खराब करायला पुरेसा असतो.

गिअर आणि शाफ्ट यांच्यासाठी विजेची पद्धत योग्य नव्हती. पृष्ठभाग कडक केलेल्या पोलादात हायड्रोजन शिरला की ते ठिसूळ होऊ शकते, आणि विजेच्या टाकीत हायड्रोजन नेमका त्याच पृष्ठभागावर तयार होतो. तीव्र आम्लातही हाच धोका असतो. त्यामुळे या भागांसाठी मी जवळजवळ उदासीन असलेले, लोहाचे कण पकडून विरघळवणारे किलेटिंग द्रावण वापरले. ते महाग पडते आणि सावकाश काम करते, पण निरोगी पोलादाला व्यवहारात धक्का लावत नाही, आणि दात्यांचे माप सांभाळायचे असेल तर हाच गुण मोलाचा आहे. यात भाग आधी तेलमुक्त असणे अत्यावश्यक आहे. रॉकेलनंतर साबणाच्या गरम पाण्याने धुतल्याशिवाय द्रावण गंजापर्यंत पोहोचत नाही. गिअर पूर्ण बुडालेला असावा, कारण अर्धवट बुडवला तर द्रावणाच्या पातळीवर पोलादावर कायमची रेघ उमटते. मधल्या भोकात हवेचा बुडबुडा अडकला तर तेवढी जागा गंजलेलीच राहते, म्हणून भाग तारेने टांगून अधूनमधून फिरवला. द्रावण फार थंड असेल तर काम मंदावते. भांडे ऊबदार जागी ठेवल्याने फरक जाणवला. द्रावण काळे पडत गेले की त्याची ताकद संपत आल्याचे समजावे.

बाहेर आलेले गिअर करड्या, निस्तेज रंगाचे होते. वाळवून तेल लावल्यावर प्रत्येक दाता तिरप्या उजेडात पाहिला आणि नखाने चाचपला. गार्डन ट्रॅक्टरचा गिअरबॉक्स सावकाश फिरतो, त्यामुळे दात्याच्या मुळाशी किंवा टोकाशी असलेले विरळ डाग मी स्वीकारले. दात्याच्या कामाच्या बाजूवर खळगे असलेला गिअर मात्र बदलला. ग्राइंडरवरचे तारेचे चाक दात्यांना लावू नये. ते कडा गोलसर करते आणि त्याच्या तुटलेल्या तारा कोठेही जाऊन बसतात.

बोल्ट, शिफ्टर फोर्क (गिअर सरकवणारा चिमटा) आणि झाकणाची पट्टी यांना सायट्रिक आम्ल पुरले: लिटरभर कोमट पाण्यात सुमारे ५० ग्रॅम, मधूनमधून बाहेर काढून ब्रश, आणि गंज सुटताच लगेच बाहेर. शेवटी सोड्याच्या पाण्यात बुचकळून आम्लाचा अंश घालवला. जस्ताचा मुलामा दिलेल्या वस्तू यात घालू नयेत. मुलामाच निघून जातो. स्प्रिंगा मी स्वच्छ करण्याच्या भानगडीत पडलो नाही. गंजाच्या खळग्यापासून स्प्रिंगला तडा जायला वेळ लागत नाही, म्हणून त्या नव्याच घातल्या.

बेअरिंगांबाबत माझे मत ठाम आहे: गंजलेले बेअरिंग स्वच्छ करायचे नसते, बदलायचे असते. रॉकेलने धुऊन बोटांनी सावकाश फिरवल्यावर खरखर जाणवली, तर चाकोरीत खळगे आहेत असे समजावे. दाबलेल्या हवेने बेअरिंग गरागरा फिरवून पाहणे धोकादायक आहे, कारण सुटलेली गोळी इजा करू शकते. नवे घेण्यासाठी कडेवरचा क्रमांक पुरतो. ६२०४ असेल तर शेवटच्या दोन अंकांना ५ ने गुणून आतला व्यास २० मिलिमीटर मिळतो. त्याचा बाहेरचा व्यास ४७ आणि रुंदी १४ मिलिमीटर असते. ६२०५ साठी हीच मापे २५, ५२ आणि १५ आहेत. नवे बेअरिंग शाफ्टवर बसवताना जोर आतल्या कडीवर आणि हाउसिंगमध्ये बसवताना बाहेरच्या कडीवरच द्यावा. गोळ्यांमधून जोर गेला की नव्या चाकोरीवरही वण उठतात.

सील घासण्याच्या जागी शाफ्टवर खाच आणि खळगे दोन्ही होते. तेलात भिजवलेल्या अतिबारीक पॉलिश पेपरने तो पट्टा फक्त गोलाकार दिशेने घासला. तिरपे ओरखडे राहिले, तर शाफ्ट फिरताना तेच तेल बाहेर ढकलतात. तरीही एक खळगा उरला, म्हणून त्या टोकाला पातळ पोलादी बाही चढवली आणि दुसऱ्या टोकाला नवे सील जुन्या खाचेपासून किंचित आत बसवले.

पाण्याची वाट दोन ठिकाणी सापडली. गिअर लिव्हरचे रबरी आवरण फाटलेले होते, आणि पावसाचे पाणी त्यातून सरळ आत उतरत होते. दुसरे कारण सहज दिसणारे नव्हते: ब्रीदरचे, म्हणजे गिअरबॉक्सला हवा आत-बाहेर करू देणाऱ्या तोंडाचे, बारीक छिद्र मातीने बुजले होते. चालताना गिअरबॉक्स तापतो आणि आतली हवा फुगते. थंड होताना ती आकसते आणि बाहेरची हवा आत ओढते. छिद्र बंद असेल, तर हे ओढणे सीलच्या ओठांमधून होते, आणि तेथे पाणी साचलेले असेल तर हवेऐवजी पाणी आत जाते. आवरण बदलले, ब्रीदर मोकळा केला. या दोन्ही गोष्टी तशाच राहिल्या असत्या तर आतली सगळी मेहनत लवकरच वाया गेली असती.

जोडणीनंतर पातळ, साधे तेल आणि थोडे डिझेल यांचे मिश्रण भरले, मागची चाके जमिनीवरून उचलून पक्क्या आधारांवर ठेवली आणि कोणताही भार न देता सर्व गिअर सावकाश फिरवले. हे मिश्रण भार सहन करत नाही, म्हणून या अवस्थेत ट्रॅक्टर जमिनीवर चालवू नये. ते कोमट असतानाच पांढऱ्या फडक्यावरून गाळून घेतले. फडक्यावर लाल कण उरत होते तोवर ही धुलाई पुन्हा केली, आणि फडके स्वच्छ राहू लागल्यावर एसएई ९० (हा घट्टपणाचा क्रमांक) गिअर तेल भरले. या गिअरबॉक्समध्ये ब्राँझचे बुश असल्याने जीएल-५ ऐवजी जीएल-४ दर्जाचे तेल घेतले. जीएल-५ मधल्या गंधकयुक्त घटकांचे प्रमाण जास्त असते आणि काही तेलांत ते ब्राँझला त्रासदायक ठरते.

पहिल्या काही तासांच्या कामानंतर ते तेल बदलले, कारण खळग्यांत अडकलेला उरलासुरला गंज याच काळात सुटतो. तेव्हापासून ट्रॅक्टर बंद ठेवायचा असेल, तरी मधूनमधून तो गिअरबॉक्स चांगला गरम होईपर्यंत चालवतो, म्हणजे वरच्या गिअरवर तेलाचा नवा थर बसतो आणि आतली ओल ब्रीदरमधून निघून जाते. त्यानंतर ट्रॅक्टर काही काळ उभा ठेवून ड्रेन प्लग किंचित सैल करतो आणि पडणारे पहिले थेंब काचेच्या बाटलीत धरून त्यात पाणी आहे का ते पाहतो.